आप्पांचे पाच तारे

ज्या दिवशी मी नाशिकला निघाले, त्या दिवशी आप्पांनी कंडक्टरला तिकिटाआधी बातमी दिली. "मनी पोर डॉक्टरकी शिकाले चालनी." कंडक्टरने मान डोलावली, पण आप्पांचं तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी खिडकीबाहेरून ड्रायव्हरला सांगितलं, मग पुढच्या सीटवरच्या बाईंना. गाडी सटाण्याकडे हलायच्या आत अख्ख्या एसटीला ठाऊक झालं होतं की खिडकीजवळची ही रडवेली मुलगी दातांची डॉक्टर होणार आहे. मला लाजेने मेल्यासारखं झालं. आई तेवढी निरोपाचा हात वर करून उभी होती आणि बस हलल्यावरही तो खाली घेत नव्हती.

गावाकडच्यांनो, हे तुम्हाला उद्देशून लिहितेय. आणि माझ्यासारखे जे निघून आले, त्यांनाही. आपल्याकडे माणसाचं नाव दुसरे लोक करतात. अमक्याची सून सुगरण, तमक्याचा हात गुणाचा, हे पारावर ठरतं आणि ठरलं की ठरलं. इथे आपलं नाव आपणच करायचं असतं. नाशकातच इंदिरानगरला दवाखाना टाकला तेव्हा मी एका हॉटेलात भरलेल्या वर्कशॉपला गेले होते. टाय लावलेल्या मुलाने आम्हा डॉक्टरांना सांगितलं, प्रोफाइलवर फोटो कसा हवा, पेशंटशी बोलताना हात कुठे हवेत, रिव्ह्यू आला की चोवीस तासांत उत्तर कसं द्यायचं. मी सगळं मुकाट्याने केलं. कडक इस्त्रीचा ॲप्रन, घासूनपुसून घेतलेली भाषा, फोटोत मोजकं हसू. आरशात बघितलं की मला माझीच ओळख करून घ्यावीशी वाटे.

सगळं बरं चाललं होतं. मग एका निवृत्त शिक्षकांनी दोन तारे दिले. त्यांची रूट कॅनल अर्धी झाली होती. त्यांनी लिहिलं, 'डॉक्टर हुशार आहेत, पण दिलेली वेळ पाळत नाहीत.' खोटं काहीच नव्हतं. मी वर्कशॉपमध्ये शिकवलं होतं तसं नम्र उत्तर टाकलं आणि विषय संपला असं समजले.

भावाने ते आप्पांना वाचून दाखवलं, आणि आप्पांनी गावाच्या ग्रुपवर टाकलं. लग्नाला जसा अख्खा गाव लोटतो, तसा गाव माझ्या पानावर लोटला. दुपारी दवाखाना उघडून बघते तर ताऱ्यांचा नुसता पाऊस. ज्यांनी माझी खुर्ची कधी पाहिलेली नाही, ज्यांना तोंडात दातच उरलेले नाहीत, त्या सगळ्यांचे पाच पाच तारे. तेवढ्यावर थांबले असते तर मी हसले असते. पण सरांच्या रिव्ह्यूखालीही गाव जमला होता. म्हातारा, खडूस, फुकट्या, वाट्टेल ते. कोणीतरी सरांचा फोन नंबर शोधून त्यांच्या बायकोलाही सुनावलं होतं.

संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. ते म्हणाले, "ही माणसं तुम्ही लावलीत, असं मी धरून चालतो. गुरुवारी माझी अपॉइंटमेंट आहे. तोपर्यंत हे गेलं नाही, तर मी डेंटल कौन्सिलकडे तक्रार करणार." नव्या डॉक्टरला खोट्या रिव्ह्यूंचा डाग लागला की लागलाच. त्या संध्याकाळी आलेल्या प्रत्येक पेशंटने ते वाचलं असेल, असंच मला वाटत होतं.

मी आप्पांना फोन लावला आणि तोंड सोडलं. हे शहर आहे, इथे असं चालत नाही, गुरुवारी ते सर येतील तोपर्यंत हे गेलं नाही तर माझं बसतं दुकान उठवाल. ते म्हणाले, "पोरले कोनी बोलनं, ते आमी गप बसूत का?" मी म्हटलं, गप बसा. आणि स्वतःचं लिहिलेलंही काढा, खोटं आहे ते. आप्पांनी लिहिलं होतं, 'हात हलका शे. दात निंघना, समजनं बी नही.'

"खोटं नही," ते हळूच म्हणाले. "दात निंघना ना."

दात खरंच निघाला होता. मालेगावला, कोणा दुसऱ्या डॉक्टरकडे. स्वतःची मुलगी दातांची डॉक्टर असताना हा माणूस दुसरीकडे जाऊन दात काढून आला होता आणि तारे मला दिले होते. मी का म्हणून विचारलं. तंबाखूने दात पार काळे झालेत त्यांचे, लहानपणापासून बघतेय. "दातनी डॉक्टर, अन तिना बापना दात काया," ते म्हणाले. "तुना पेशंट काय म्हनतीन?"

फोन ठेवल्यावर मी रडले. रागाने की कशाने, ते अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशीपासून रिव्ह्यू गळायला लागले. आप्पा घरोघर फिरले असणार. गुरुवारी सकाळी सगळे गेले होते, आणि वर सरांचे दोन तारे एकटेच लखलखत होते. मी दार उघडून पाहिलं तर बाहेरच्या बाकावर सर बसलेले, आणि त्यांच्या शेजारी, पहिल्या गाडीने आलेले, धुवट सदऱ्यातले आप्पा.

आप्पा सरांकडे वळून हात जोडत होते. "गावले मीच सांगं होतं. पोरले काही माहीत नव्हतं. तुमना घरना लोकेस्ले बोलनात, त्यानी माफी." सरांनी जोडलेल्या हातांकडे पाहिलं आणि अवघडल्यासारखे सरकून बसले. "अहो, राहू द्या. मला मुलीबद्दल काही म्हणायचं नव्हतं. वेळ पाळत नाही, एवढंच."

"ते खरं शे," आप्पा म्हणाले. "शाळामा बी उशिराच जाये."

सर हसले. मी घड्याळाकडे पाहिलं. तेव्हाही उशीरच झाला होता.

सरांची रूट कॅनल पुरी केली. जाताना ते तक्रारीबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, आणि तारेही वाढवले नाहीत. मग मी आप्पांना बोलावलं. बाहेर दोन पेशंट होते म्हणून ते मला 'मॅडम' म्हणाले. सगळ्यांदेखत, मान खाली घालून, माझा आब राखायला. मी म्हटलं, "आप्पा, मॅडम कोणाला म्हणता?" आणि दंडाला धरून आत नेलं.

खुर्चीत बसून त्यांनी तोंड उघडायला फार वेळ घेतला. वरचे दात साफ केले, खालचे पुढच्या खेपेला. परतीची गाडी दुपारनंतर होती, म्हणून मी त्यांना आतल्या खोलीत पडायला सांगणार होते. त्याआधीच ते बाहेर बाकावर जाऊन बसले आणि शेजारच्या बाईंना सांगू लागले, की आतली डॉक्टर त्यांची कोण लागते. वर पांढरे, खाली काळे, असे सगळे दात दाखवून हसत होते.

मी दार लावून घेतलं नाही. घर कुठे, असं मला कोणी विचारलं तर मी आता गावाचं नाव सांगत नाही, इंदिरानगरचंही नाही. त्या बाकाकडे बोट दाखवते.