कोरं चामडं

सोफ्याच्या दुकानातल्या माणसानं चामड्याचा नमुना हातात दिला. "मॅडम, यावर कोट आहे, डाग धरत नाही," तो म्हणाला, आणि त्या वासासरशी मला आमची खुर्ची आठवली. ती वडिलांची, घरात दुसरं कुणी तिच्यात बसत नसे. ते गेले, पण डोकं टेकायचे तिथं तेलाचा काळपट गोल राहिला. आई खुर्चीकडे पाठ करून बसायची. शेवटी तिनंच कारागीर बोलावला. त्यानं ओलं बोट चामड्यावर टेकवलं. ओल लगेच आत शिरली. "काकू, हे कोरं चामडं. माल लई भारी, पण वर कोट नाय, तेल पिऊन बसलंय. धुऊन निघायचं नाय. वरून रंग मारून देतो." खुर्ची नव्यासारखी चकाकली. आई तिच्यासमोर बसून भाजी निवडू लागली. मग मे महिना आला, खुर्ची होती ती पत्र्याखालची खोली भट्टीसारखी तापली, आणि एका दुपारी आईनं मला हाक मारली. रंगाचे पोपडे निघाले होते आणि खालून तोच गोल, त्याच जागी, वर आला होता. मी कारागिराला फोन लावायला निघाले, तर तिनं हात धरला. "ऱ्हाऊ दे. झाकून राहणारे होते का ते?" आता आईही नाही. तिला त्या खुर्चीत बसलेली मी कधीच पाहिली नाही. पण या उन्हाळ्यात वडिलांच्या डागाखाली, बरोबर तिचं डोकं टेकेल त्या उंचीला, दुसरा एक गोल वर आलाय.