डोंगरीच्या कातळाखाली व्हॅनचा मुक्काम

भाईंदरहून डोंगरी ती किती लांब, तिथे मुक्काम कशाला, असं लोक मला आजही विचारतात. माझ्या व्हॅनचं डिझेल इंजिन थंडीत पहाटे सुरू होईल याची खात्री नव्हती आणि रेल्वेचं फाटक कधी बंद होईल याची तर कुणालाच नव्हती. नव्वदनंतरची ती वर्षं. रविवारी उजाडताच माझी मुलगी मंजिरी डोंगरीच्या कातळावर चढणार होती. तिच्या गिर्यारोहण क्लबचे सर बघायला येणार होते. न पडता वर पोचली तर हिमालयातल्या शिबिराला निवड, नाहीतर नाही. याआधी क्लबबरोबर येऊन ती तिथे दोनदा पडली होती. म्हणून मी म्हटलं, शनिवारीच जाऊ आणि गाडीतच झोपू.

मी सातवीपर्यंत शिकलो, पुढे जन्मभर गाडी चालवली. व्हॅनच्या मागच्या सीटा काढून फळ्या ठोकल्या होत्या. त्यावर गाद्या, स्टोव्ह आणि नळ लावलेलं पाण्याचं पिंप. मागे मंजिरी आणि तिचा दोर धरणारी मैत्रीण शुभांगी, पुढे मी. दुपारी जेसल पार्कातून निघालो, फाटक ओलांडलं, राई-मुर्धा मागे पडलं. रस्ता अरुंद, कडेला मिठागरं. समोरून बस आली की मी गाडी इतकी कडेला घ्यायचो की शुभांगी म्हणाली, "काका, मिठात उतरायचंय का?"

माझी काळजी वेगळीच होती. आधी येऊन गेलेल्या कुणीतरी कातळाखाली बाटल्या फोडल्या होत्या, गावातल्या मुलांचे पाय कापले होते. आता गाव कुणाला राहू देत नाही, असं कानावर आलं होतं.

गावात शिरताना डोक्यावर टोपली घेतलेल्या एका बाईने हात वर केला आणि काहीतरी म्हणाली. इंजिनाच्या खडखडाटात मला ऐकू आलं, "म्होरं, जवळ हाय." मी मान डोलावून पुढे गेलो. समोर झाडून-सारवून ठेवलेली मोठी सपाट जागा. नशीबच म्हणायचं, म्हणून गाडी आत घातली. चाकाखाली पापड मोडावेत तसा आवाज आला.

ती बाई धावत आली. हिराबाय तिचं नाव. "म्होरं नको, जवळा हाय, असा सांगितला ना तुमाला? दिसत न्हाय?"

मी घाटावरचा, त्यात शाकाहारी. जवळा म्हणजे बारीक कोलंबी. ती वाळत घातलेली मला लांबून फिकट माती वाटली होती.

"बाई, मला वाटलं, कातळ जवळ आहे."

तिच्यामागून आलेल्या बायका हसल्या. हिराबाय हसली नाही. "कातळवाले ना? मग फिरवा गाडी."

मंजिरीचा चेहरा उतरला. मी खिशात हात घालून नुकसान भरून देतो म्हणालो.

"पैशानं माती निघंल का त्यातली? बसा, निवडा."

आम्ही तिघं बसलो. मुली भराभर निवडत होत्या. मी सगळ्यांत हळू, एकही खडा राहिला तर काय, या धास्तीने. एकीने विचारलं, वास लागतोय का. मी नाही म्हणालो, तर माझ्या नाकाकडे बघून त्या पुन्हा हसल्या. ऊन कलल्यावर हिराबाय उठली आणि गाडीपुढे चालत आम्हाला चिंचेखाली घेऊन गेली. मुरमाची घट्ट जमीन, मासळीच्या टेम्पोची वाट सोडून.

जाणाऱ्यांनी एवढं करावं. उजेड असताना पोचावं आणि आधी विचारावं. सपाट दिसली म्हणजे जागा मोकळी असते असं नाही. पाणी घरून न्यावं, विहिरीवर भांडी घासू नयेत, कचरा आपल्यासोबत परत आणावा. चाकामागे दगड लावावा. मी चारही चाकांना लावले. जेवायला घरची भाकरी आणि पिठलं होतं. हिराबायने तळलेले बोंबील पाठवले, ते मुलींनी संपवले.

सकाळी सर आले. कातळाच्या मध्यावर दगड पुढे झुकलेला आहे, मंजिरी दोन्ही वेळा तिथूनच पडली होती. तिचा हात तिथे पोचला आणि मी डोळे मिटले. शुभांगी दोर देत असल्याची घासघास ऐकू येत होती. मग ती घासघासही थांबली.

"ओ काका, डोलं उघडा," शेजारून हिराबाय म्हणाली. "पोर वर बसलीय पाय सोडून."

सर नुसते "छान" म्हणाले. कौतुकात कंजूस माणूस. तेवढं ढोलताशांएवढं होतं. निघताना हिराबायने त्यांनाही बजावलं, "गाडी लावा, पन आदी मला इचारा." त्यानंतर कातळवाल्यांच्या कितीतरी गाड्या त्या चिंचेखाली राहिल्या, एकीलाही गावाने परत पाठवलं नाही.

घरी बायकोने आधी विचारलं, वर पोचली तेव्हा कशी दिसत होती. मी खरं काय ते सांगितलं.

"म्हणजे एवढं लांब जाऊन पाहिलंच नाही तुम्ही?"

पुढच्या शनिवारी मंजिरी शिबिराआधीच्या सरावाला निघाली, तेव्हा बायको माझ्याआधी व्हॅनच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. त्या रविवारी आम्ही दोघांनीही डोळे उघडे ठेवले.