काचेच्या टपावर बांधलेला स्टँड

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. शिलाई मशीनच्या स्टँडची केस मात्र अजून तशीच लख्ख आठवते.

तेव्हा मी बेंगळुरूत एका वाहतूक पोलीस ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. रविवारी दुपारी फोन आला. शिवाजीनगरच्या बस स्टँडजवळ कारच्या टपावरून सामान पडून एक फुलवाली जखमी, कार पसार. आम्ही पोहोचलो तेव्हा बाईंना इस्पितळात हलवलं होतं. रस्त्यात पायाने चालवायच्या शिलाई मशीनचा लोखंडी स्टँड आडवा पडला होता. एका पायाला तुटकी दोरी, भोवती गडद काचेचे दाणे. वरची मशीन मात्र कुठेच नव्हती. पंचनामा करून स्टँड मुद्देमालात जमा केला. नंबर कुणी पाहिला नव्हता, आणि कारचा रंग विचारला तर तिघांनी तीन सांगितले.

इस्पितळात त्या फुलवाल्या बाई शुद्धीवर होत्या; सगळे त्यांना अक्का म्हणत. डावा पाय दोन ठिकाणी मोडला होता.

"तो खाली उतरला होता, सार," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "माझ्याकडे बघून 'आई गं, आई गं' असं काहीतरी बोलला. लोक धावले तसा पळाला."

माझ्या हवालदाराला त्यात काही वाटलं नाही. पण आमचं घराणं बेंगळुरूच्याच चामराजपेटमधलं जुनं मराठी. कन्नड माणूस घाबरला तर 'अम्मा' म्हणतो. हा माणूस मराठी होता.

काचेचे ते दाणे खिडकीच्या काचेपेक्षा फारच गडद होते. म्हणून हवालदाराला काचवाल्यांच्या गॅरेजांत फिरायला लावलं. तिसऱ्या दिवशी शिवाजीनगरच्याच एका मिस्त्रीचा फोन आला.

"सार, टपाची काच बदलायला एक कार आलीय. दगड लागला म्हणतो. पण दाराच्या रबरावर दोरीचे वळ आहेत. स्वल्प, जरा येऊन बघा."

मी गेलो. अख्खा टप काचेचा होता. "यावर ओझं ठेवायचंच नाही, सार," मिस्त्री म्हणाला. "खाली गोधडी घातली तरी सगळा भार चार पायांवरच येतो ना!"

कारचा मालक तिशीतला इंजिनीअर, नागपूरचा, महादेवपुऱ्यात एकटा राहणारा. ठाण्यात बोलावल्यावर हिंदीत एकच सांगत राहिला, दगड लागला. मी मराठीत विचारलं, "घरी कोण कोण असतं?" तो दचकला.

"आई. नागपूरला."

मी स्टँड आणायला सांगितला. हवालदाराने तो समोर ठेवला. एक पाय वाकला होता. तो माणूस नुसता त्या पायाकडे बघत राहिला.

"आई शिवते का?" मी विचारलं.

"वाकला हो," तो म्हणाला. "तिला कसं सांगू?"

मग सगळं बाहेर आलं. वडील गेल्यापासून चार वर्षं तो आईला इकडे बोलावत होता. शेवटी ती म्हणाली, आधी माझी मशीन ने, मग मी येते. ट्रान्सपोर्टने आलेली मशीन घ्यायला हा गेला. टेम्पोसाठी थांबायला धीर नव्हता. मशीन त्याने शेजारच्या सीटवर पट्टा लावून ठेवली, आणि आत मावत नव्हता तो स्टँड दोन गोधड्या घालून टपावर बांधला. शिवाजीनगरला काच कडाडली, त्याने ब्रेक मारला आणि स्टँड घसरला.

"पळालास का?"

"आईला सांगावं लागलं असतं, सर. शुक्रवारचं तिकीट काढलंय तिनं."

"गुन्हा तर दाखल होणारच," मी म्हटलं. "पण आईला तू सांगायचं. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने फोन लावला. सगळं सांगितलं. मग पलीकडून एकच प्रश्न ऐकू आला, "त्या बाईंचं घरी कोण आहे रे?"

त्याला जामीन मिळाला. शुक्रवारी आई त्याच तिकिटावर आली आणि रेल्वे स्टेशनवरून थेट इस्पितळात गेली. अक्कांना मराठी येत नव्हतं, हिला कन्नड. तरी दोन महिने ती रोज अक्कांच्या घरी जाऊन स्वयंपाक करायची, गजरे ओवायची. फुलं मोजताना 'सरी, सरी', म्हणजे 'बरोबर, बरोबर', म्हणायला शिकली. अक्का पुन्हा चालायला लागल्या, थोड्या लंगडत. मुलाने कोर्टात गुन्हा कबूल केला, शिक्षा म्हणून दंड भरला, अक्कांना भरपाई दिली.

आणि आई नागपूरला परत गेली. "मुलगा दिवसभर ऑफिसात," जाताना ती मला म्हणाली. "अक्का आता धंद्यावर बसतात. मी बंद दाराशी काय बोलू, साहेब?"

पळालेल्या माणसाला मी तोवर विचारायचो, कुणाला घाबरलास? त्यानंतर विचारू लागलो, घरी कुणाला सांगायचं नाहीये? या प्रश्नाने जितकी माणसं खरं बोलली, तितकी दमदाटीने कधीच बोलली नाहीत.

माझ्या निवृत्तीनंतर एकदा त्या इंजिनीअरने आग्रहाने घरी बोलावलं. खिडकीपाशी मशीन होती, पाय सरळ करून घेतलेल्या त्याच स्टँडवर.

"कोण शिवतं?"

"कुणी नाही. दर रविवारी तेल घालतो. आई आली आणि मशीन जाम झालेली दिसली, तर ओरडेल."

माझी आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मला ओरडणारं आता कुणी उरलेलं नाही. मी त्याला म्हटलं, "चाकालाही घाल रे थोडं तेल."