वाघजाईच्या खांद्यावरचा बेडूक

कुंडलिक गुरवाचं देवीशी जेवढं जमायचं, तेवढंच एका बेडकाशी. पानशेतच्या वरच्या अंगाला वाघजाईची राई, आत देवीचं लहानसं देऊळ. पावसाळ्यात तिथल्या टाक्यावर वाकलेल्या पानांना पांढऱ्या फेसाचे गोळे लटकायचे; त्यांत झाडावरच्या बेडकांची अंडी. त्या बेडकांतलाच हा एक हिरवागार, बोटांच्या टोकांना गोल चकत्या असलेला. देवीचा पाषाण सदा ओला, म्हणून स्वारी तिच्याच खांद्यावर. “चला पाटील, पूजा करायचीय,” म्हणत कुंडलिक त्याला ओंजळीतून बाहेर सोडायचा. दिवेलागणीला गडी परत हजर!

छत्तीस सालच्या श्रावणात चिमाजी कौल मागायला आला. बरोबर विधवा सून, सगुणा. उत्रोलीच्या गेनूनं तिला मागणी घातली होती. चिमाजी वाईट नव्हता, पण सुनेचा पाट लावायचा तर देवीच्याच हुकमानं, हा त्याचा हेका.

कुंडलिकानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बापलेकीसारखे ते दोघं डोळे मिटून उभे राहिले. डोळे उघडे फक्त गुरवाचे.

सकाळी बाहेर सोडलेला बेडूक मागच्या कोनाड्यात कधी परतला कोण जाणे; तिथून त्यानं उडी घेतली ती थेट डाव्या खांद्यावर. कळी पडली आणि बेडूक पुन्हा कोनाड्यात गडप.

“डावी,” चिमाजी डोळे उघडून म्हणाला. सगुणा निमूट पायरीकडे वळली.

कुंडलिकानं पडलेली कळी उचलली. गप्प बसणं सोपं होतं. बोललं तर पिढीजात गुरवकीचा मान त्या एवढ्याशा जिवापायी जाणार. पण पोरीची ती पाठमोरी चाल त्याला बघवेना.

“थांबा चिमाजीराव. कळी देवीनं न्हाई, बेडकानं पाडली. म्या बघितलं.”

“मग आदीच्या कौलांचं काय वो?”

“त्ये मला ठावं न्हाई,” कुंडलिक म्हणाला.

बेडकाला बाहेर सोडून त्यानं नव्या कळ्या लावल्या. कितीतरी वेळ गेला, एकही हलेना. चिमाजीचे पाय भरून आले; तो खाली बसला. शेवटी सुनेकडे वळून म्हणाला, “आई काई बोलंना. तूच सांग पोरी, तुला जायचंय का?”

तिला हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

“व्हय मामंजी.”

सगुणाचा आवाज एवढा खणखणीत आहे, हे कुंडलिकाला त्या दिवशी कळलं.