कानापासून एक वीत

आईच्या मामांइतका मोबाईलवर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या कुंडल गावात नव्हता, आणि तो इतक्या नेमाने चार्ज करून ठेवणाराही दुसरा नव्हता. मामाआजोबा फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होते. मोठ्या अँटेनासमोर उभं राहायचं नाही, अंग आतून तापतं, असं तिथे शिकवलेलं. निवृत्त झाल्यावर हा नियम त्यांनी गल्लीतल्या पोरांना लावला. फोन कानापासून एक वीत लांब, बोलणं दोन मिनिटं. मग ते उलट्या हाताने पोराचा कान तपासायचे आणि गरम लागला की ताक पाजायचे. काही पोरं मुद्दाम कान चोळून यायची. मामाआजोबांना ते कळत असणार, कारण ताकाबरोबर गुळाचा खडा आधीच काढून ठेवलेला असायचा.

"आवं हवालदार, दिवसभर उन्हात हुंदडल्यावर कान तापणारच की!" शेजारच्या काकू म्हणायच्या.

"म्हणून तर सावलीत बसवून परत बघतो."

बाबाही फौजेत, सीमेवर. आई आणि मी मामाआजोबांकडेच राहायचो. मी शाळेत इंग्रजीत गप्प आणि गल्लीत मराठीत गप्प. बोलावंसं वाटायचं ते फक्त बाबांशी, फोन कानाला चिकटवून, कुजबुजत. पण वीतभर अंतरावरून मोठ्याने बोलावं लागे, आणि लोकांदेखत ते मला जमतच नसे. "हो", "नाही", "जेवले" एवढ्यात दोन मिनिटं संपायची. मामाआजोबांचा मला फार राग यायचा.

एकदा बर्फामुळे बाबांचा फोन तीन आठवडे आला नाही. आला तेव्हा मी तो हिसकावून कानाला दाबला, आणि तोंडून शब्दच फुटेना. मामाआजोबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग ते काढून खिशात टाकलं, सगळ्यांना अंगणात पिटाळलं आणि माझ्या हातातून फोन घेऊन माझ्या कानापासून बरोबर एक वीत लांब धरला. दुसऱ्या हाताचं बोट एका कानात घातलं. उरलेला कान खांद्यावर दाबला.

"बोल आता, पोरी. मला काय बी ऐकू येत न्हाई."

मी बोलले. मोठ्याने, रडत, शाळेतलं, स्वप्नातलं, सगळं. अर्धा तास. त्यांचा हात भरून आला, पण वीत काही कमी झाली नाही. शेवटी त्यांनी माझा कान तपासला. "गार हाय," म्हणाले, आणि तरीही ताक दिलं.

पुढे मी नोकरीसाठी साताऱ्याला आले. एकदा त्यांना वाचलेलं समजावून सांगितलं, की फोनच्या लहरींनी अंग अगदी किंचित तापतं. कान गरम होतो तो बहुतेक बॅटरीच्या उष्णतेने. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आसंल. पर ब्याटरीनं तापला तरी कान पोरीचाच न्हवं?"

मामाआजोबा मागच्या वर्षी गेले. बाबा आता कुंडललाच असतात. आम्ही खूप वेळ बोलतो, फोन कानाला चिकटवून. ठेवल्यावर मी उलटा हात कानाला लावून बघते. चांगला गरम असतो. ताक मात्र आता कोणी आणत नाही.