अळणी पेशंट

"काका, तुम्ही पेशंट व्हा," ट्रेनर मॅडम म्हणाल्या.

मी चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. सरकारी दवाखान्यातल्या मानसिक वॉर्डाच्या सिस्टर लोकांचं ट्रेनिंग चालू होतं. मनाच्या आजाराच्या गोळ्या, त्यांचा फायदा, त्यांची तकलीफ. मी त्याच वॉर्डातून अटेंडंट म्हणून रिटायर झालो. ट्रेनिंग असलं की खुर्च्या मांडायला अजून मलाच बोलावतात. मॅडम बाहेरगावच्या. त्यांना ठाऊक नव्हतं की मी खराच पेशंट आहे. जवानीत डोकं फिरलं, तवापासून लिथियम चालू. ही गोळी म्हणजे मनाला ब्रेक. लई उडू देत न्हाई, लई पडू बी देत न्हाई. पण अंगात जास्त साचली की जहर.

रोल प्ले सुरू झाला. एक सिस्टर कागदावरचे प्रश्न वाचू लागली.

"हात थरथरतात का?"

मी हात पुढं केला. थरथरत होता. टाळ्या पडल्या.

"जुलाब?"

"हप्ता झाला."

"चालताना तोल जातो?"

"सकाळीच भिंतीवर गेलो."

"किती नॅचरल!" मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांनी ऑब्झर्व्ह करा."

"आहारात सोडियम कमी केलं का?"

"सोडियम? ते आमच्या बाळापूरच्या बाजारात येत न्हाई."

हॉल हसला. पेशंटचं पथ्य बराबर, असं ठरलं. माझी उत्तरं खरीच होती. आमची मंडळी, म्हणजे बायको, उन्हाळ्यात वारली. हात हालतो तो त्या दुखानंच, असं मी धरून चाललो होतो.

ॲक्टिंगचा पहिला नंबर घेऊन मी चहा वाटायला लागलो. शिरड शहापूरकडची एक सिस्टर आहे, संगीता. माझ्या गोळीचं तिला ठाऊक होतं. तिच्यापुढं कप धरला तर तो बशीत वाजायला लागला.

"काका, नाटक संपलं की. आता काहून हात हलवून राहिले?"

"मी न्हाई हलवून राहिलो बाई. तोच हलून राहिला."

तिनं कप खाली ठेवला. "जेवता काय?"

"भाकर, वरण. माझ्याच हातचं."

"चव लागती का?"

"अळणी खाणाऱ्याला कशाची चव?"

"अळणी काहून?"

"तुमची काकू गेली तवा वरीसभरासाठी मीठ सोडलं, तिच्या नावानं. लोक वांगं सोडतात. तिनं एवढी वर्षं मला सांभाळलं, मी वांग्यावर भागवू का?"

"अहो काका, सोडियम म्हणजे मीठच की!"

मग तिनं समजावलं. अंगात मीठ कमी पडलं की किडनी मीठ धरून ठेवती, आणि त्याच्यासोबत लिथियम बी. साचत साचत त्याचं जहर होतं. ती मॅडमकडं धावली, काका खरेच पेशंट आहेत म्हणून सांगितलं.

"पण ते तर सोडियमला नाही म्हणाले," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मिठाचं त्यांना कुणी विचारलंच न्हाई."

रक्त काढलं. लिथियम लई चढलेलं निघालं. डॉक्टर म्हणले, अजून थोडं थांबला असता तर किडनी गेली असती, कदाचित तुमी बी. टाळ्या वाजवणाऱ्यांनीच मला उचलून खाटेवर टाकलं. गोळी बंद, सलाईन चालू. सलाईन म्हणजे मीठपाणी. जे जिभेला दिलं न्हाई, ते सरकारनं शिरेतून दिलं.

"माझं व्रत मोडलं की," मी म्हणलं.

"तोंडानं न्हाई ना घेतलं?" संगीता म्हणली. "गप पडा."

आता आमच्या सिस्टर लिथियमच्या पेशंटला सोडियम विचारत न्हाईत. "उपास धरला का? अळणी खाता का?" असं विचारतात. तुमच्या घरी कुणाला ही गोळी असंल तर मिठापाण्याचा नेम डॉक्टरला विचारल्याबिगर बदलू नका. व्रत देवाला कळतं, किडनीला न्हाई.

मी आता मीठ खातो. तिच्या नावानं चहातली साखर सोडली, डॉक्टरला विचारून. तिला एवढं कमी वाटलं तर मी वर गेल्यावर भांडंल. भांडू दे. आवाज तरी कानावर पडंल.