कमलच्या सीताफळाची चिंधी

आज सकाळी आमच्या चिंचवडच्या कॉलनीतल्या बागेत जे झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.

सत्तरच्या दशकात कॉलनीतल्या आम्ही काही बायकांनी मोकळ्या प्लॉटवर ही फळबाग लावली. पेरू, चिकू आणि कमलने कुरुळीच्या माहेराहून आणलेलं एक सीताफळ. पाणी पाळीपाळीने घालायचं, फळं सगळ्यांची.

उन्हाळ्याच्या तोंडावर सीताफळाची पानं गळून जातात. मेलं समजून कुणी तोडू नये म्हणून कमल दरवर्षी त्याला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधायची. "झोपलंय त्ये, हात लावू नगा," म्हणायची. आता ती सांगवीला लेकीकडे अंथरुणाला खिळली आहे. म्हणून चिंधी मी बांधते.

आज बाग साफ करायला आलेल्या उत्साही स्वयंसेवकांनी ती चिंधी कचऱ्यात टाकली आणि झाड बुंध्यातून कापलं.

"काकू, एकही पान नव्हतं हो," त्यांचा म्होरक्या म्हणाला.

"तुझ्या डोक्यावर एकही केस नाही. तुला कुणी कापलं का?"

बाकीचे हसले. तो हसला नाही. त्याने खाली पडलेल्या फांदीवर नख मारून पाहिलं. साल आतून हिरवीगार होती. कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी शिकवलेली सगळी सभ्यता मी तिथेच संपवून आले.

कमल मला रोज संध्याकाळी फोन करते. या दिवसांत तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पालवी फुटली का गं?"

थोड्या वेळात फोन वाजेल. तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ?